पाते फिरंगी, मूठ मराठी

मालवणच्या बंदरावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन या किल्ल्याचा पाया घातला गेला. आत छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. तिथल्या मूर्तीच्या डोक्यावर जिरेटोप नाही, दर्यावर्दी माणसाची टोपी आहे. इकडे किनाऱ्यावर राजकोटात २०२५ च्या मे महिन्यात उभा राहिलेला महाराजांचा भव्य पुतळा हाती तलवार घेऊन समुद्राकडे पाहतो आहे. आपल्या ओटीवरच्या तसबिरीत, शाळेच्या पुस्तकात, एस.टी. स्टँडसमोरच्या चौकात, जिथे महाराज तिथे तलवार. या दोहोंची ताटातूट आपल्याला कल्पनेतही करवत नाही.

पण ज्या तलवारीला आपण एवढे आपले मानले तिचे पाते कुठले, असा प्रश्न एखाद्या चुणचुणीत नातवाने विचारला तर आजोबांना जरा थांबून उत्तर द्यावे लागेल. कारण किल्ला आपला, दर्या आपला, हात तर आपलाच. पण त्या काळच्या पुष्कळ नामांकित मराठी तलवारींची पाती सातासमुद्रापलीकडून आलेली होती. म्हणूनच त्या तलवारीला आपल्या भाषेत नाव पडले ‘फिरंग’. फिरंग्यांकडून आलेली ती फिरंग. नाव ठेवताना आपल्या पूर्वजांनी आडपडदा ठेवला नाही. चांगली वस्तू दुसऱ्याची असली तर दुसऱ्याची म्हणून सांगावी आणि आपल्या हाताला बसेल अशी करून घ्यावी, हा त्यांचा सरळ हिशेब होता.

तोलेदोहून गोव्यापर्यंत

पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपात उत्तम पाती घडवणारी गावे बोटांवर मोजण्याइतकी होती. जर्मनीत सोलिंगेन, इटलीत मिलान आणि स्पेनमध्ये ताहो नदीच्या काठचे तोलेदो. तोलेदोच्या पात्याची ख्याती अशी की ते वाकवले तर वाकावे आणि सोडले की पुन्हा सुतासारखे सरळ व्हावे. कठीण पोलाद धार धरते पण तडकते. मऊ लोखंड तडकत नाही पण त्याला धार टिकत नाही. या दोन्हींचा मेळ घालणे, तापवून नेमक्या क्षणी पाण्यात बुडवणे, हे तिथल्या लोहारांचे कसब. ते बापाकडून मुलाकडे जाई आणि गावाबाहेर जात नसे.

हे पाते मालवणच्या किनाऱ्याला कसे लागले? त्याचे उत्तर गोव्यात आहे. १५१० पासून गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता हे आपल्याला ठाऊक असते. पण १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगालची आणि स्पेनची गादी एकाच राजाकडे होती, हे सहसा लक्षात राहत नाही. म्हणजे त्या साठ वर्षांत मांडवी नदीकाठी ज्याच्या नावाने कारभार चाले, तो राजा माद्रिदला बसलेला असे. लिस्बनहून निघालेल्या गलबतांतून सैनिक येत, पाद्री येत, मद्याची पिंपे येत आणि शस्त्रेही येत. गोव्याच्या उत्तरेला लागूनच सावंतांचा मुलूख. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. या चिंचोळ्या पट्ट्यात मसाला, मीठ आणि कापड यांच्याबरोबर फिरंगी पातीही हातोहात फिरत होती. कधी विकत, कधी नजराणा म्हणून, तर कधी लढाईत लुटून.

महाराजांच्या भवानी तलवारीची गोष्टही याच मुलखातली. महाराज कोकणात उतरले असता कुडाळ प्रांतातील सावंतांकडे असलेली एक लांब फिरंग त्यांच्या नजरेस आली, ती त्यांनी फुकट घेतली नाही, तिच्याबद्दल तीनशे होन मोजले, असे परंपरा सांगते. एखाद्या फिरंगी जहाजावरून ती सावंतांच्या हाती लागली होती, असेही त्या गोष्टीत येते. साताऱ्याला १८१८ ते १८२२ या काळात इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात भवानीचे पाते इटलीतल्या जिनोव्हाचे असल्याचे लिहिले. कोणी तिला पोर्तुगीज म्हणतो, कोणी स्पॅनिश. सांगणाऱ्यागणिक गाव बदलते, पण पाते युरोपचे याबद्दल मात्र सगळ्यांचे एकमत आहे.

अर्थात पाते आले म्हणजे तलवार झाली नव्हे. युरोपातल्या मुठी आपल्याकडच्या हातांना आणि वार करण्याच्या पद्धतीला जमत नसत. म्हणून ती मूठ काढून टाकीत आणि पात्याला इथली मूठ बसवीत. मनगटाभोवती पंजा झाकेल अशी जाळीसारखी आडण, आत हाताला लागू नये म्हणून गादी, पात्याच्या बुडाला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्यांचा आधार आणि मुठीच्या टोकाला पुढे काढलेला एक दांडा. हा दांडा शोभेचा नव्हता. गरज पडली की डाव्या हाताने तो धरून दोन्ही हातांच्या जोराने घाव घालता येई. साधारण तीन फुटांचे सरळ, हलके पाते आणि त्याला अशी भक्कम मूठ. घोड्यावरून भोसकायलाही सोयीची आणि कापायलाही. पाते फिरंगी आणि मूठ मराठी अशी ही सोयरीक चांगलीच जमली.

तिचा एक अस्सल नमुना अलीकडेच घरी आला. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. तिचे सरळ, एकधारी पाते युरोपात घडलेले आहे आणि त्यावर देवनागरीत सोन्याने रघुजींचे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द कोरला आहे. मालकाचे नाव मराठी, लिपी देवनागरी आणि पात्याची जात उघड उघड परकी! आपल्या इतिहासाचे सार एवढ्या थोड्या अक्षरांत क्वचितच कोणी लिहिले असेल.

वर्तुळात उभा राहिलेला तलवारबहाद्दर

ज्या देशातून ही पाती येत, त्या स्पेनमध्ये तलवार चालवणे ही नुसती मर्दुमकी नव्हती, ती विद्या होती. सेव्हिलच्या हेरोनिमो सांचेस दे कारांसा याचा तलवारीच्या तत्त्वज्ञानावरचा ग्रंथ १५८२ साली छापून निघाला. तलवार ही मनगटाच्या जोराने नव्हे तर बुद्धीने चालते आणि त्या बुद्धीला भूमितीचा आधार असला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या पद्धतीला ‘खरी निपुणता’ असे नाव मिळाले.

कल्पना अशी करायची. दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे आहेत आणि त्यांच्या पायांखाली जमिनीवर एक अदृश्य वर्तुळ आखलेले आहे. अडाणी माणूस समोरच्यावर सरळ रेषेत चाल करून जातो आणि त्याच रेषेवर त्याचा घात होतो. जाणकार मात्र वर्तुळाच्या कडेकडेने पाऊल टाकतो. हात सरळ ताणलेला, तलवारीचे टोक सतत समोरच्याच्या तोंडावर रोखलेले, अंग ताठ, पण पाय मात्र सारखे सरकते. अंतर आणि कोन ज्याला कळला, त्याला घाव घालण्यासाठी घाई करावी लागत नाही.

कारांसाचा अनुयायी लुईस पाचेको दे नार्व्हाएस याने १६०० साली तलवारीच्या थोरवीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे तो राजा चौथा फिलिप याचा शस्त्रगुरू झाला. हा चौथा फिलिप १६४० पर्यंत पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे शिवरायांच्या बालपणी गोव्यावर त्याचेच नाव चालत होते. माद्रिदच्या राजवाड्यात नार्व्हाएस राजाला वर्तुळातली पावले शिकवीत होता आणि इकडे त्याच राजाच्या बंदरात उतरलेली पाती सह्याद्रीच्या पायथ्याशी मराठी मुठींत बसत होती.

मात्र विद्वत्तेचा तोरा मिरवला की चेष्टा करणाराही भेटतोच. फ्रान्सिस्को दे केव्हेदो हा त्या काळचा मोठा कवी. पायाने अधू, डोळ्यांना चष्मा, पण तलवारीला पक्का. एका मैफलीत नार्व्हाएसच्या सिद्धांतावरून दोघांची जुंपली आणि केव्हेदोने पहिल्याच झटक्यात गुरुजींच्या डोक्यावरची टोपी उडवली, अशी आख्यायिका आहे. केव्हेदोने पुढे आपल्या कादंबरीत भूमितीचे आकडे घोकणाऱ्या तलवारबाजाची यथेच्छ टिंगल केली. उलट डॉन किहोतेचा जनक सर्व्हान्तेस याने त्याच कादंबरीच्या दुसऱ्या भागात अंगात रग असलेला एक तरुण आणि विद्या शिकलेला दुसरा यांची वाटेतच झुंज लावली आणि शिकलेल्याला जिंकवले. सर्व्हान्तेस स्वतः सैनिक होता. १५७१ च्या लेपान्तोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला होता. तलवारीबद्दल बोलण्याचा अधिकार त्याने भारी किंमत देऊन मिळवला होता.

आणि एका बाईचे नाव घेतल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही. सान सेबास्तियान गावची कातालिना दे एराउसो ही मठात वाढलेली मुलगी. तिने मठ सोडला, केस कापले, पुरुषी वेष चढवला आणि ती दक्षिण अमेरिकेत जाऊन सैनिक झाली. चिलीच्या लढायांत तिने नाव कमावले. अंधारातल्या एका द्वंद्वात समोरचा माणूस आपला सख्खा भाऊ आहे हे न कळल्याने तो तिच्या हातून मारला गेला, असे तिच्या नावावरच्या आत्मकथनात येते. अखेर गुपित फुटले तेव्हा शिक्षा होण्याऐवजी चौथ्या फिलिपने तिला निवृत्तिवेतन दिले आणि पोपने पुरुषी वेषात राहण्याची मुभा दिली. ‘अधिकारी संन्यासिनी’ म्हणून स्पेनमध्ये तिचे नाव अजून घेतले जाते.

वैभव आणि पदक

एवढी परंपरा असलेला देश तलवारबाजीच्या खेळात सगळ्यांच्या पुढे असेल असे कोणालाही वाटेल. घडले मात्र वेगळेच. १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले, तेव्हापासून तलवारबाजी प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे. पदके लुटली ती इटली, फ्रान्स आणि हंगेरी यांनी. खेळाचे नियम फ्रान्सने घडवले, पंच आजही फ्रेंच शब्दांत हुकूम देतात. स्पेनचे वर्तुळ, भूमिती, थोर गुरू हे सारे ग्रंथांत राहिले. १९९२ साली बार्सिलोनाला घरच्या अंगणात ऑलिंपिक भरले, तरी या खेळात स्पेनची झोळी रिकामीच राहिली.

ती भरली २००८ साली बीजिंगमध्ये. माद्रिदचा होसे लुईस आबाखो, दोस्तांमध्ये ‘पिर्री’, याने एपे प्रकारात हंगेरीच्या गाबोर बोत्स्कोला हरवून कांस्यपदक मिळवले. स्पेनचे तलवारबाजीतले ते पहिले ऑलिंपिक पदक. तोलेदोच्या भट्ट्या पेटल्यापासून कितीतरी शतकांनी आलेले! त्यानंतरच्या लंडन, रिओ, टोकियो आणि पॅरिस या चार ऑलिंपिकमध्ये दुसरे पदक आलेले नाही. आजोबांच्या नावाची पाटी दारावर असली म्हणून नातवाला परीक्षेत गुण मिळत नाहीत, हे स्पेनला एकशे बारा वर्षांत कळले.

खेळ म्हणून तलवारबाजी पाहायला बसणाऱ्यांसाठी दोन शब्द. चौदा मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद अशा पट्टीवर दोघे खेळतात. शस्त्रे तीन. फॉइल हलके, त्याचे टोक फक्त धडाला लागले तरच गुण. एपे थोडे जड; डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत कुठेही टोक लागले तरी चालते आणि दोघांचे एकदम लागले तर दोघांनाही गुण. सेबर हे घोडेस्वाराच्या तलवारीचे वंशज. त्यात टोकाबरोबर धारेनेही वार करता येतो, पण कमरेच्या वरच. फॉइल आणि सेबरमध्ये आधी चाल कोणी केली त्याला मान. दुसऱ्याने ती अडवल्याशिवाय उलट वार केला तर तो मोजत नाहीत. अंगावरच्या वायरी यंत्राला जोडलेल्या असतात, वार लागला की दिवा लागतो. बाद फेरीत पंधरा गुण आधी करणारा जिंकतो. पाते लवते न लवते तोच सगळा निकाल! हा वाक्प्रचार आपण डोळ्याच्या पात्यावरून वापरतो, पण इथे तो दोन्ही अर्थांनी खरा ठरतो.

आपली फरी, आपला गदका

मग आपले काय? आपल्याकडेही विद्या होतीच. तिच्या खुणा भाषेत जागोजाग सांडल्या आहेत. एखादा पुढारी ‘पवित्रा’ घेतो किंवा बदलतो, तो पवित्रा म्हणजे मुळात शस्त्र घेऊन उभे राहण्याची आणि पावले टाकण्याची रीत. शेजारणीच्या ‘तोंडाचा पट्टा’ सुरू होतो, तो दांडपट्टा. भांडण ‘हातघाईवर’ येते, कोणी ‘तलवार म्यान’ करतो, कोणी दुसऱ्याला ‘ढाल’ करून पुढे सरकतो, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे तर प्रत्येक सासू-सुनेला ठाऊक असते. शब्द राहिले, हात विसरले.

सराव करताना मुलांची डोकी फुटू नयेत म्हणून आपल्या तालमींत फरी-गदका होता. हातात चामड्याने मढवलेली काठी म्हणजे गदका आणि दुसऱ्या हातात छोटी ढाल म्हणजे फरी. अडवायचे, हुलकावणी द्यायची, पाऊल बदलायचे आणि उघड्या पडलेल्या जागी वार लावायचा. ऑलिंपिकची तलवारबाजी यापेक्षा निराळे काय करते? बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशासारखे प्रचंड काम मराठीत झाले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने मर्दानी खेळांचे आखाडे नांदले आणि आजही तिथे पोरे-पोरी लाठी, विटा, पट्टा फिरवतात. जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याच्या एका फटक्यात दुभंगणारा खेळाडू पाहिला की अंगावर काटा येतो. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा हे महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाले, ते योग्यच झाले.

पण एक गोष्ट मनाला लागते. १९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या जगाला त्याने भारतीय खेळ करून दाखवले. त्याच बर्लिनमध्ये त्याच दिवसांत तलवारबाजीच्या स्पर्धा चालल्या होत्या. आपली मुले प्रात्यक्षिके दाखवून टाळ्या घेत होती आणि दुसऱ्या मैदानावर इटली-हंगेरीची मुले पदके घेत होती. कसब दोन्हीकडे होते. फरक एवढाच की त्यांनी आपल्या विद्येला नियम, गुण आणि स्पर्धा यांची चौकट दिली आणि आपण आपली विद्या मिरवणुकीपुरती ठेवली. मिरवणुकीत समोर प्रतिस्पर्धी नसतो, प्रेक्षक असतो. प्रेक्षक चुका काढीत नाही. प्रतिस्पर्धी चूक झाली की लगेच वार करतो. विद्या वाढते ती अशाच वारांनी.

आमच्या दक्षिण कोकणात तर तलवार रात्रभर जागी असते, पण दशावताराच्या रंगमंचावर. जत्रेच्या रात्री देवळासमोर वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळींचा खेळ उभा राहिला आणि पखवाज-झांजेच्या ठेक्यावर राजा आणि राक्षस समोरासमोर आले की पेंगुळलेली पोरे ताडकन उठून बसतात. लाकडी तलवारी एकमेकींवर आपटतात, गिरक्या होतात, पावले ठेक्यात पडतात. जरा बारकाईने पाहा: दोघे सरळ रेषेत भिडत नाहीत, गोलात फिरतात. नार्व्हाएसने हे पाहिले असते तर त्याने आपले वर्तुळ लगेच ओळखले असते. दशावतारी नटाच्या पायात ताल आहे, डोळ्यात नेम आहे, पहाटेपर्यंत टिकणारा दम आहे. मात्र युद्धाचा निकाल आख्यानात आधीच ठरलेला असतो आणि तो तसाच लागला पाहिजे. खेळात निकाल ठरलेला नसतो, एवढेच काय ते अंतर.

भवानी नावाची मुलगी

हे अंतर भारतात पहिल्यांदा ज्या मुलीने तोडले तिचे नाव ऐकताच मराठी माणसाचे हात जोडले जावेत. तिचे नाव भवानी देवी. ती मराठी नव्हे, चेन्नईची. १९९३ चा तिचा जन्म. वडील पुजारी, घर साधे. २००४ मध्ये शाळेत खेळ निवडायची वेळ आली तेव्हा इतर खेळांच्या जागा भरून गेल्या होत्या आणि उरली होती ती तलवारबाजी. खऱ्या विजेरी तलवारी महाग, म्हणून सरावाला बांबूच्या काठ्या आणि तलवार फक्त स्पर्धेपुरती. चौदाव्या वर्षी ती तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेली आणि तीन मिनिटे उशीर झाला म्हणून काळे कार्ड दाखवून तिला बाद केले गेले. एखादी मुलगी तिथेच खेळ सोडून घरी बसली असती. आईने दागिने गहाण टाकून तिला पुढे पाठवले.

केरळातल्या थलासेरीच्या ‘साई’ केंद्रात तिला घडवणारे प्रशिक्षक होते सागर लागू. आडनाव वाचून आपले कान टवकारतात, नाही का? पुढे ती इटलीत निकोला झानोत्ती यांच्याकडे शिकली. २०१७ मध्ये आइसलंडमध्ये तिने सेबरमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि २०१८ मध्ये कॅनबेरात राष्ट्रकुल तलवारबाजी स्पर्धेतले सुवर्ण. २६ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या पट्टीवर ती उतरली तेव्हा या खेळात ऑलिंपिकला पोहोचलेली ती पहिली भारतीय होती. पहिल्या लढतीत तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीला १५-३ असे हरवले. दुसरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ती ७-१५ अशी हरली आणि हरल्याबद्दल तिने देशाची क्षमा मागितली. क्षमा खरे तर आपण तिची मागायला हवी होती. २०२३ मध्ये चीनमधल्या वुशी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने जपानच्या विश्वविजेत्या मिसाकी एमुराला १५-१० असे नमवले, उपांत्य फेरीत उझबेकिस्तानच्या खेळाडूकडून ती अवघ्या एका गुणाने हरली आणि कांस्यपदक घेऊन परतली. या स्पर्धेतले भारताचे ते पहिले पदक.

टोकियोत खेळलेली आपली तलवार तिने पंतप्रधानांना भेट दिली. पुढे भेटवस्तूंच्या लिलावात ती एक कोटीहून अधिक रकमेला गेली. रघुजींच्या तलवारीला शासनाने मोजलेल्या रकमेच्या दुप्पटीहून जास्त! इतिहासातल्या तलवारीपेक्षा खेळातली तलवार महाग ठरली, ही गंमत म्हणून सांगून सोडून द्यायची गोष्ट नाही. कारण रघुजींची फिरंग आता काचेच्या कपाटात राहणार, आणि भवानीची तलवार पाहून चेन्नईत, इंफाळला, छत्रपती संभाजीनगरात कुणीतरी दहा वर्षांची मुलगी मुखवटा चढवून पट्टीवर उभी राहणार.

तलवार आणायची, हात घडवायचा

परदेशातल्या आपल्या वस्तू परत याव्यात, हे आपले जुने स्वप्न. १९८० साली मुख्यमंत्री झालेले कोकणचे सुपुत्र बॅ. अ. र. अंतुले यांनी भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणा केली तेव्हा सारा महाराष्ट्र हलला होता. लंडनच्या राजसंग्रहातली ती तलवार, कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली, भवानी की जगदंबा यावर विद्वानांनी शाई आटवली. वाघनखे साताऱ्याला येऊन गावोगावच्या लोकांनी पाहिली, रघुजींची फिरंग आली. हे सगळे होत राहावे. आपल्या पूर्वजांची वस्तू डोळ्यांनी पाहिल्याचे समाधान फार मोठे असते.

पण पात्याची ही कथा आपल्याला आणखी एक सांगून जाते. महाराजांनी फिरंग घेतली ती तसबिरीत शोभावी म्हणून नव्हे. ती आपल्या तलवारीपेक्षा लांब, हलकी आणि चिवट होती म्हणून. परक्याचे चांगले ते उचलले, आपल्या मुठीत बसवले आणि आपल्या कामाला लावले. भिवंडीच्या बाजूला जहाजे बांधायला त्यांनी रुई लैताँ व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला कामावर घेतले होते, त्यातही हाच विचार होता. ही दृष्टी वारशात मिळालेली असताना आज आपण तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे कारण काय? पट्टी, मुखवटा, विजेरी सेबर हे सारे फिरंगी. असू देत. मूठ आपली असली म्हणजे झाले.

मालवण, वेंगुर्ला, कुडाळ, कणकवलीच्या मुलामुलींच्या अंगात काय कमी आहे? हलत्या होडीत उभे राहून पाग फेकणाऱ्या पोराला तोल सांभाळणे शिकवावे लागत नाही. रापण ओढणाऱ्या हातांना दम काय असतो ते माहीत आहे. दशावतार पाहत वाढलेल्या पायांना ठेका माहीत आहे. भवानीने बांबूने सुरुवात केली. बांबूचे बेट तर आपल्या परसातच आहे. शाळेच्या एखाद्या लांबट खोलीत चौदा मीटरची पट्टी खडूने आखून घ्यायची, एक कळकळीचा शिक्षक बाहेर पाठवून शिकवून आणायचा आणि पहिली दोन-चार वर्षे पदकाचे नाव काढायचे नाही. घरच्यांनी एवढेच करायचे की मुलीने ‘मला तलवार खेळायची आहे’ म्हटले तर ‘हे काय बाईमाणसाचे खेळ?’ असे विचारायचे नाही. महाराष्ट्राच्या कुलदेवतेचे नाव भवानी आहे, महाराजांच्या तलवारीचे नाव भवानी आहे आणि देशाला या खेळात ऑलिंपिकला नेणाऱ्या मुलीचेही नाव भवानीच आहे. यापेक्षा स्पष्ट कौल कोणत्या देवाने द्यायचा?

दसऱ्याला आपण शस्त्रे पुजतो. विळी, कोयता, पाग, होडीचे इंजिन, सगळ्यांना हळदकुंकू लागते, कारण वर्षभर ती वापरात असतात. न वापरलेल्या शस्त्राची पूजा करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ते गंजते, आणि गंजलेले पाते तोलेदोचे असले काय किंवा कुडाळच्या भट्टीतले असले काय, कापत नाही.